लोणारचं पाणी गुलाबी का झालं, आणि पुन्हा होईल का?

"लोणारला गुलाबी पाणी बघायला कधी जाऊ?" २०२० पासून हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल, गणती नाही. खात्रीची तारीख कुणीच देऊ शकत नाही. पण पाणी गुलाबी कशाने झालं ते नीट सांगता येतं. ते सांगायचं तर आधी मिठाबद्दल बोलावं लागतं.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर उल्केच्या आघाताने बसाल्ट खडकात तयार झालं. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. धार आणि इतर झऱ्यांचं गोड पाणी आत येतं, पण बाहेर जायला वाटच नाही. उन्हाने वाफ होते आणि क्षार मागे उरतात. हजारो वर्षांत हे पाणी खारट आणि साबणासारखं अल्कधर्मी झालं. लवणासुराची कथा आणि गावाचं नाव, दोन्हींत लवण आहे ते उगाच नाही. 'ऐन-ए-अकबरी'तही या तळ्याची नोंद आहे, आणि तीही काच आणि साबणाला लागणारा माल इथे मिळतो म्हणून! उन्हाळ्यात तळं आटलं की क्षार गोळा करायचे. डल्ला, खप्पल, पापडी अशी त्यांची वेगवेगळी नावं होती. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तळं 'शोधलं' असं पुस्तकांत छापतात. मिठागरं चालवणाऱ्यांना ते सापडलेलंच होतं की!

आता जून २०२०. लॉकडाऊन होता, पाणी खूप खाली गेलेलं, क्षारांचं प्रमाण वाढलेलं. आणि तळं गुलाबी झालं. कुणी चमत्कार म्हणालं, कुणी प्रदूषण. प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं आणि नमुने तपासायला गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात हॅलोआर्किया सापडले. हे मिठावर जगणारे सूक्ष्मजीव. खारेपणा वाढला की यांची चंगळ, आणि त्यांच्यातल्या गाजरासारख्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसतं. गंमत म्हणजे बाटलीतलं पाणी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत रंग गेलेला होता, कारण जीव तळाशी बसले होते. तळ्यातही थोड्याच दिवसांत तसंच झालं.

म्हणजे गुलाबी रंग हा एका अर्थी मिठाचा मोजमापच होता. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसरचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. पण त्यानंतरच्या वर्षांत उलटंच चाललंय. पाणी इतकं वाढलं की कमळजा देवीच्या देवळात शिरलं. पाणी ओसरलं की दिसणारी सासू-सुनेची विहीर (एका बाजूला गोड पाणी, दुसऱ्या बाजूला खारं, सून कुठली ते घरी विचारा) आता कुठून दिसणार? गोडं पाणी वाढलं की खारेपणा पातळ होतो, आणि हजारो वर्षं त्या खाऱ्यातच जगणारे जीव अडचणीत येतात. लोक मात्र "तळं भरलं" म्हणून फोटो टाकतायत.

तेव्हा बघायला जायचं तर पावसाळ्याआधी मे-जूनमध्ये जा, रंगाची आशा कमी ठेवा. आणि प्रशासनाकडे माझी एकच मागणी आहे: विवराच्या काठावर एक फलक लावा आणि त्यावर दर महिन्याची पाण्याची पातळी, क्षारता आणि पीएच लिहा. सेल्फी पॉइंट नंतर बघू.