तेरावी

"नापास झाला का रे तो?"

आईचा पहिला प्रश्न हाच होता. मागच्या मे महिन्यात न्यू जर्सीहून धाकट्या भावाचा फोन आला, स्पीकरवर होता, आणि आई शेजारी मेथी निवडत बसली होती. भावाचा मुलगा बारावी झाला. मार्क चांगले. पण कॉलेजला आत्ता जात नाही म्हणतो. आणखी एक वर्ष शाळेतच, तेही दुसऱ्या राज्यातल्या बोर्डिंग शाळेत. कशासाठी? बास्केटबॉलसाठी.

"दादा, तू बोल त्याच्याशी. तू खेळलायस, तुझं ऐकेल," भाऊ म्हणाला. 'ऐकेल' म्हणजे वर्ष वाया घालवणार नाही, हे त्याने बोलून दाखवायची गरज नव्हती. आमच्या घरात त्या वाक्याचा इतिहास आहे. त्याकडे येतोच.

बोलायचं कबूल केलं खरं, पण हा प्रकार काय हे मलाही धड माहीत नव्हतं. मग नेहमीप्रमाणे वाचत सुटलो.

तर अमेरिकेच्या ईशान्येकडे जुन्या निवासी शाळा आहेत. अँडोव्हरची १७७८ सालची, एक्झिटरची १७८१ची, म्हणजे आपल्याकडे सवाई माधवरावांचं राज्य चालू होतं तेव्हाच्या! मुलांना हार्वर्ड-येलसारख्या कॉलेजांसाठी तयार करणं हे अशा शाळांचं काम, म्हणून त्या 'प्रेप' शाळा. बारावी झालेल्या मुलाला तिथे आणखी एक वर्ष राहता येतं. त्याला पोस्ट-ग्रॅज्युएट म्हणतात. आपल्या लेखी पोस्ट-ग्रॅज्युएट म्हणजे एम.ए., एम.एस्सी. झालेला माणूस, तिथे मात्र शाळेच्या वर्गात बसलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा! मी त्याला आपलं 'तेरावी' म्हणतो. (आईला हा शब्द अजिबात आवडला नाही. तेरावं वगैरे काहीतरी ऐकू येतं म्हणे.)

कुणी मार्क सुधारायला हे वर्ष घेतं, कुणाची उंची उशिरा वाढते, कुणाकडे कॉलेजच्या कोचचं लक्ष उशिरा जातं. पण खरी गोम घड्याळात आहे. कॉलेजच्या खेळाचा नियम वर्षानुवर्षं असा होता की एकदा पूर्णवेळ कॉलेजात नाव घातलं की पाच वर्षांचं घड्याळ सुरू होतं, आणि त्यात चार मोसम खेळता येतं. शाळेत काढलेलं तेरावीचं वर्ष त्यात धरत नसत, आणि बास्केटबॉलमध्ये बारावीनंतर एक वर्षाची सवलतही मिळायची. म्हणजे मुलगा एक वर्षाने मोठा, जाड, शहाणा व्हायचा, आणि खात्यातून काहीच वजा होत नसे. कोविडच्या २०२०-२१ च्या हंगामात खेळलेल्या सगळ्या कॉलेज खेळाडूंना एक जादा वर्ष दिलं गेलं. जुने खेळाडू जागा अडवून बसले, नव्यांची पंचाईत झाली, आणि शाळेत थांबणं आणखी शहाणपणाचं ठरू लागलं.

यातली एक गंमत मला फार आवडली. हा खेळच मुळात रिकाम्या मोसमाचा! १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नाइस्मिथ नावाच्या मास्तरांनी तो शोधला. फुटबॉल संपलेला, बेसबॉलला अवकाश, बाहेर थंडी आणि वर्गातली पोरं कंटाळून त्रास देणारी. मास्तरांनी पीचच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या. मधला फुकट जाणारा काळ कसा घालवायचा, या अडचणीतून आख्खा खेळ जन्माला आला.

आपल्याकडून या वाटेने गेलेल्यांत सगळ्यात गाजलेला पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग. शेतकऱ्याचा मुलगा, २०१० मध्ये चौदा वर्षांचा असताना शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेला. तेरावीही तिथेच केली. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं, एनबीएने निवडलेला पहिला भारतीय. त्यासाठी १९ वर्षं वय आणि शाळेची आपली तुकडी बाहेर पडून एक वर्ष झालेलं असणं हा नियम होता. त्याचं 'वाया गेलेलं' वर्ष नेमकं तिथे उपयोगी पडलं. प्रत्यक्ष एनबीएत मात्र त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. पुढे तो टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीत गेला. हे पुतण्याला सांगायचं की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला.

आता आपल्याकडे. इथे वर्ष घेतलं की त्याला 'ड्रॉप' म्हणतात. तोही मेडिकलसाठी किंवा आयआयटीसाठी घेतला तर चालतो. पुढच्या प्रवेशाला गॅपचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, की मी या काळात दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतला नव्हता. एका वर्षाचा जणू जामीन!

पण आपण पूर्वीपासून असेच होतो का? नाही. कोल्हापूरच्या तालमीत पोरगं ठेवणाऱ्या शेतकऱ्याने कधी वर्षं मोजली? दूध, बदाम, तूप पोचवायचं आणि वस्तादावर सोडून द्यायचं. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ ला लंडनला सहावे आले, मॅटवरची कुस्ती त्यांना नवीच होती. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा ते ज्या राजाराम कॉलेजात शिकले, तिथल्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणलं. ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो. मला आता त्यात वेगळंच दिसतं. एका कॉलेजच्या प्राचार्याला आपल्या विद्यार्थ्याची कुस्ती ही आपल्या कॉलेजची जबाबदारी वाटली. असा धागा पुढे फारसा दिसत नाही. खाशाबा १९५५ ला पोलिसात फौजदार झाले, आणि आपल्याकडे खेळाची वाट तिकडेच वळत गेली. पोलीस, रेल्वे, सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के जागा. अमेरिकेत चेंडू नेऊन पोचवतो तो कॉलेजात, आपल्याकडे नोकरीत. नोकरीची काळजी नसलेल्या आमच्यासारख्या पांढरपेशा घरात मग तो कुठेच पोचवत नाही.

१९९४ च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. महाळुंगे-बालेवाडीचं संकुल त्यासाठीच नवंकोरं उभं राहिलं होतं. मी बारावीत होतो. प्रिलिम तोंडावर, आणि मी सदाशिव पेठेतून सायकल मारत बाणेरच्या पुढे शेतांमधून तिथे गेलो. एवढं मोठं स्टेडियम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तेव्हा मी कॉलेजच्या टीमचा पॉइंट गार्ड होतो. त्या उन्हाळ्यात एका कोचने बाबांना घरी येऊन सांगितलं, याला एक वर्ष माझ्याकडे द्या. बाबांनी चहा दिला, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वर्ष वाया जाईल हो." विषय संपला. इंजिनिअरिंग कॉलेजला बास्केटबॉलचं कोर्ट होतं, त्यावर स्कूटर्स लावत.

बाबांवर राग नाही. त्या वर्षाच्या शेवटी मला काय मिळालं असतं, हे ते तरी कुणाला विचारणार होते? पण आज मी त्याच महाळुंग्यात राहतो. (मुळशीतलं, चाकणजवळचं नव्हे. गाव २०२१ पासून महापालिकेत आलं आहे.) पहाटे संकुलाकडे बॅगा घेऊन जाणारी मुलं दिसतात, आणि तेव्हा मी नको तितका वेळ थांबून बघतो.

शेवटी पुतण्याला फोन केला. सतनामचं सगळं सांगितलं, न मिळालेल्या सामन्यासकट. फीचं विचारलं, अर्धी मदत शाळा देणार होती. कॉलेजने नाहीच घेतलं तर? तो म्हणाला, "काका, मग मी नॉर्मल कॉलेजला जाईन. वन इयर लेट. तुम्ही किती लेट गेलात?"

"मी वेळेवर गेलो," मी म्हणालो.

थोडा वेळ दोघंही गप्प. मग भावाला फोन द्यायला सांगितला आणि त्याला म्हटलं, जाऊ दे त्याला.

ऑगस्टमध्ये तो गेला. आई दर रविवारी विचारते, तिथे पोळी मिळते का, आणि उंची किती झाली. गेल्या वेळी सहा फूट तीन होती.