रोहिणीगत वायु-अंतर्कीलन

रोहिण्यांमध्ये (धमन्यांमध्ये) हवेचे बुडबुडे शिरून रक्तप्रवाह अडणे, यास रोहिणीगत वायु-अंतर्कीलन असे म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात ‘एअर एम्बोलिझम’ हा शब्द रूढ आहे. हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर उद्भवणारी ही एक गंभीर गुंतागुंत आहे.

कारणे

झडप बदलण्यासारख्या शस्त्रक्रियेत हृदयाचे कप्पे उघडावे लागतात. डाव्या कप्प्यांत अडकलेली हवा, हृदय पुन्हा धडधडू लागताच महारोहिणीत व तेथून मेंदूकडे जाऊ शकते. हृद्-फुप्फुस यंत्राच्या टाकीतील रक्ताची पातळी फार खालावल्यासही रक्तात हवा मिसळते.

लक्षणे व निदान

उताण्या निजलेल्या रुग्णात हृदयाच्या उजव्या रोहिणीचे मुख वरच्या बाजूस असते. त्यामुळे हलकी हवा बहुधा तिच्यात शिरते. परिणामी ईसीजीचा आलेख बदलतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूचे आकुंचन मंदावते. अन्ननलिकेतून केलेल्या इकोकार्डिओग्राफीत बुडबुडे चकाकत्या ठिपक्यांसारखे दिसतात.

मेंदूस इजा झाल्यास भुलीचा अंमल संपूनही रुग्ण शुद्धीवर येत नाही, त्यास झटके येतात किंवा अर्धांगवायू होतो. शुद्धीवर येण्यास लागणारा विलंब भुलीच्या औषधांमुळेही होऊ शकत असल्याने निदान लांबण्याचा धोका असतो. सीटी स्कॅनमुळे मेंदूतील रक्तस्राव ओळखता येतो. परंतु बुडबुडे लवकर विरघळत असल्याने स्कॅनमध्ये हवा न दिसली, तरी हा विकार नाकारता येत नाही. म्हणून निदान मुख्यतः लक्षणांवरून केले जाते.

उपचार

यंत्रातून मोठ्या प्रमाणात हवा गेल्यास ते तत्काळ थांबवून रुग्णाचे डोके खाली करतात व महारोहिणीतील हवा काढून टाकतात. नंतर मात्र रुग्णास सपाट निजवतात, कारण डोके खाली ठेवल्याने मेंदूची सूज वाढू शकते. शुद्ध ऑक्सिजन दिल्याने बुडबुड्यातील नायट्रोजन रक्तात विरघळून बाहेर पडतो. रक्तदाब पुरेसा राखला जातो.

उच्चदाब ऑक्सिजन कक्षातील उपचार विशेष गुणकारी मानला जातो. सामान्य वातावरणाच्या २.८ पट दाबाखाली बुडबुड्याचे आकारमान सुमारे एकतृतीयांश होते. हा उपचार जितका लवकर सुरू होईल तितका लाभ अधिक. तथापि काही तासांचा विलंब झाला असला, तरी तो विचारात घेतला जातो.

प्रतिबंध

हृदय बंद करण्यापूर्वी ते रक्ताने भरून हवा बाहेर काढतात. छातीच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड सोडण्याची पद्धतही प्रचलित आहे. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असून रक्तात सहज विरघळतो.