दारावरची भिंत : एका दुरुस्तीशास्त्राची प्रस्तावना

दार-खिडकीच्या वर भेग दिसली की बहुतेक घरांत उपाय ठरलेला असतो : भेग खरवडायची, सिमेंट भरायचं, रंग मारायचा. पावसाळा सरतो आणि भेग पुन्हा त्याच जागी हजर. हा अनुभव घेतलेला घरमालक, साइटवर नवा रुजू झालेला इंजिनिअर आणि हातात कसब असूनही कारणांच्या चर्चेत ज्याला कुणी विचारत नाही तो गवंडी, या तिघांनाही हे शास्त्र खुलं आहे. त्यात शिरायला अवघड गणित लागत नाही. वजन कुठून कुठे उतरतं, हे पाहायची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

वरचं सगळं वजन लिंटल, म्हणजे दार-खिडकीवरची आडवी तुळई, पेलते, हा समज आधी सोडायला हवा. भिंत पुरेशी उंच आणि दोन्ही अंगांना भरभक्कम असेल, तर विटा आपापसांत कमान धरतात आणि वजन बाजूंना उतरवतात. लिंटलच्या वाट्याला येतो तो कमानीखालचा भाग, साधारण समभुज त्रिकोणाएवढा. त्या त्रिकोणात स्लॅब किंवा तुळई टेकली असेल, तर तिचा भार वेगळा धरायचा. नऊ इंची भिंतीत १.२ मीटरच्या खिडकीवर हा त्रिकोण भरतो जेमतेम पावणेतीनशे किलो. २.४ मीटरच्या गॅरेजच्या दारावर तोच जातो अकराशेच्या घरात. रुंदी दुप्पट, वजन चौपट आणि लिंटलला वाकवणारा परिणाम आठपट. त्यात खिडकीच्या दोन्ही बाजूंना भिंत असते, तर गॅरेजचं दार पुष्कळदा घराच्या कोपऱ्याला येतं आणि एका अंगाला दीड-दोन विटांचा खांबच उरतो. कमानीचा रेटा त्या खांबाला बाहेर ढकलू पाहतो. म्हणून गॅरेजवरच्या भेगेची तपासणी त्या खांबाला ओळंबा लावून सुरू करावी.

या विचाराला जुनी परंपरा आहे. लोंबती साखळी उलटी केली की कमानीचा आकार मिळतो, हे रॉबर्ट हूक यांनी १६७५ च्या सुमारास अक्षरांच्या कोड्यात दडवून छापलं. भेगाळलेली कमानही सुरक्षित उभी राहू शकते, याची सैद्धान्तिक मांडणी जॅक हेमन यांनी १९६६ मध्ये केली. आपल्याकडे १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लिंटलच्या पातळीवर घरभर सलग फिरणाऱ्या पट्ट्याचं मोल दाखवून दिलं.

भेग वाचायला शिकणं हा या शास्त्राचा पहिला धडा. लिंटलच्या टोकांपासून दरजांमधून पायऱ्या-पायऱ्यांनी मध्याकडे चढणाऱ्या भेगा दिसल्या, तर लिंटल खचल्याचा संशय घ्यावा. लिंटल म्हणून बसवलेल्या लोखंडी अँगलच्या पातळीवर आडवी भेग असेल आणि तिथल्या विटा उचललेल्या दिसल्या, तर गंज तपासावा. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो आणि त्या दाबाने वरचा थर उचलला जातो. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत हे लवकर घडतं. आरसीसी लिंटलला खालून हातोडीने हलकेच ठोकावं. आवाज बद्द आला, तर आतली सळई फुगून काँक्रीट सुटत असावं. भेग चढताना रुंदावत गेली, तर नजर लिंटलवरून काढून पायाकडे न्यावी.

दुरुस्तीचा क्रम कारणावरून ठरतो. लिंटल शाबूत आणि भेग थांबलेली असेल, तर दरजा कोरून त्यांत स्टेनलेस स्टीलच्या पिळदार सळ्या ग्राउटमध्ये बसवतात आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर पुढे नेतात. लिंटलच बदलायचं असेल, तर भिंतीत आरपार भोकं पाडून आडव्या तुळया घालतात, त्यांना दोन्हीकडून टेकू देतात आणि मगच खालचं काम उकलतात. नव्या लिंटलवरची फट कोरडट मसाल्याने ठासून भरायची. तो पक्का होईपर्यंत टेकूला हात लावायचा नाही. जुनं काम चुन्यातलं असेल, तर कडक सिमेंटचा मसाला तिथे शोभत नाही. त्याने विटाच फुटतात.

या क्षेत्रातलं मोठं नुकसान बहुधा दुरुस्तीच्या उत्साहात होतं : टेकू न देता वरच्या विटा काढल्या जातात आणि इतकी वर्षं भिंत पेलून धरणारी कमानच मोडते. तेव्हा अभ्यासाची सुरुवात आपल्याच घरापासून करा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, रुंदी मोजा आणि ऋतू पालटला की पुन्हा मोजा. ती वाढत असेल, पाच मिलिमीटरच्या पुढे गेली असेल किंवा खांब ओळंब्यात नसेल, तर गवंड्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.