आयर्विन पुलावरचे फूट

वाचकहो, समुद्र आपल्यापासून घाटापलीकडे. सुनामीची धास्ती सातारा-सांगलीच्या माणसाने कशाला बाळगावी, असे तुम्ही म्हणाल. पण २६ डिसेंबर २००४ ची हकिगत आठवा. सुमात्राजवळ समुद्राचा तळ हादरला. तिथून निघालेली लाट तमिळनाडूच्या किनाऱ्याला लागायला सुमारे दोन तास गेले. दोन तास हाती होते. सांगणारे कोणी नव्हते. आपल्या देशात दहा हजारांवर माणसे दगावली. मग २००७ साली हैदराबादेत सुनामीची सूचना देणारे केंद्र सुरू झाले.

आपल्या कृष्णामाईचे तसे नाही. ती सांगून येते. महाबळेश्वराच्या डोंगरात पाऊस कोसळतो, कराडला प्रीतिसंगमावर कोयना येऊन मिळते, आणि ते पाणी सांगलीला पोचेपर्यंत कितीतरी तास जातात. त्यातच हरिपूरला वारणा तुडुंब असली, की कृष्णेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. ते मागे फुगत जाते. हे सारे मोजायचे ठिकाण म्हणजे आयर्विन पूल. संस्थानी अमदानीत, १९२९ साली, हा पूल झाला. तिथे ४० फूट पाणी म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका. श्रावणात सांगलीकर एकमेकांना भेटले, की आधी विचारतात, 'पुलाला किती झालं?'

मग एवढे असून २०१९ साली घात का झाला?

माझ्या मते त्याचे एक कारण २००५ च्या पुरात आहे. त्या साली पाणी ५४ फुटांच्या आसपास गेले. लोकांनी भिंतींवर खुणा केल्या. इथवर आलं होतं, म्हणून पोरांना दाखवल्या. खूण जपली हे चांगलेच केले. पण हळूहळू ती खूण म्हणजे पाण्याची शीवच होऊन बसली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढू लागले, तेव्हा कित्येकांनी धान्याची पोती त्या खुणेच्या वर रचली आणि घरातच थांबले. पाणी ५७ फुटांवर गेले. तीन फूट म्हणजे काय, हे ज्याची जनावरे दावणीला होती त्याला विचारा!

पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला गाव सोडणाऱ्या माणसांची नाव उलटली. १७ जण बुडाले. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. उंबऱ्याला पाणी लागलेले नसताना घरदार, गुरेढोरे सोडून कोण निघतो? पण रस्ता कोरडा होता तोवर नावेची गरज नव्हती, हेही खरे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५५ फुटांच्या घरात पाणी आले, तेव्हा पुष्कळ कुटुंबे गुरांसकट आधीच निघाली होती.

गुरुजी, तुमच्याकडे एक काम मागतो. पुलाचे फूट सांगलीचे. खेड्यातल्या माणसाला त्यावरून आपल्या गावाचा अंदाज येत नाही. तेव्हा मुलांना म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे धाडा. पुलाला ४० फूट होते तेव्हा आपल्या ओढ्यावरचा रस्ता बुडाला होता का? ४५ ला पाणी कुणाच्या गोठ्यात होते? पाराला कधी लागले? मिळेल ते शाळेच्या भिंतीवर रंगाने लिहून काढा, साल घालून. आणि २०१९ च्या खुणेच्या वर थोडी भिंत कोरी राहू द्या.