बोनेअर सागरी उद्यान

बोनेअर सागरी उद्यान : कॅरिबियन समुद्रातील बोनेअर या डच बेटाभोवतीचे प्रवाळभित्तींचे संरक्षित क्षेत्र. स्थापना १९७९. भरतीच्या कमाल रेषेपासून ६० मी. खोलीपर्यंतचा समुद्रतळ व त्यावरील पाणी, जवळच्या क्लाइन बोनेअर या निर्जन बेटाच्या परिसरासह, यात समाविष्ट असून क्षेत्रफळ सु. २७ चौ. किमी. आहे. संपीडित हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली विहार करण्याचे म्हणजेच स्क्यूबाचे शिक्षण घेणाऱ्या नवशिक्यांचे हे जगातील एक आवडते ठिकाण होय. प्रवाळभित्तीपर्यंत पोहोचणे जितके सोपे, तितकी ती झिजण्याची भीती अधिक. या उद्यानाचा इतिहास मुख्यतः या दोन गोष्टींचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांचा आहे.

बोनेअर हे व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सु. ८० किमी. उत्तरेस असून त्याचे क्षेत्रफळ सु. २८८ चौ. किमी. आहे. व्यापारी वारे वर्षभर पूर्वेकडून वाहत असल्याने पूर्व किनाऱ्यावर लाटांचा मारा सतत चालू असतो. पश्चिम किनारा मात्र आडोशाला पडतो व तेथील पाणी बहुधा तळ्यासारखे शांत असते. पाऊस बेताचा आणि बारमाही नदी एकही नाही. त्यामुळे गाळ समुद्रात फारसा जात नाही आणि पाणी नितळ राहते. पश्चिमेस किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, ५ ते १० मी. खोलीच्या उथळ सपाटीपलीकडे, प्रवाळांनी आच्छादलेला उतार सुरू होतो. रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाने रंगवलेल्या दगडांवर बुडीच्या जागांची नावे लिहिलेली असतात. दगड पाहून गाडी थांबवावी, टाकी पाठीला लावावी आणि चालत पाण्यात उतरावे, इतके ते सुलभ आहे. नौका, जोरदार प्रवाह किंवा एकदम तोंडाशी येणारी खोली यांपैकी कशाचीही धास्ती नवशिक्याला येथे सहसा नसते.

ज्या कोरडेपणामुळे पाणी नितळ राहिले, त्याच कोरडेपणामुळे बेटाच्या वाट्याला पूर्वी अवहेलना आली. १४९९ मध्ये स्पॅनिश लोक येथे पोहोचले. सोने न सापडल्याने त्यांनी या बेटांना ‘निरुपयोगी’ ठरवले आणि मूळच्या काकेतिओ रहिवाशांना मजुरीसाठी हिस्पॅनिओला बेटावर नेले. १६३६ मध्ये डचांनी बेट घेतले. दक्षिणेकडील सखल भागातील मिठागरांवर आफ्रिकी गुलाम राबत असत. १८६३ मध्ये डच वसाहतींतील गुलामगिरी रद्द झाली. गुलामांसाठी बांधलेल्या, माणसाला ताठ उभेही राहता येणार नाही अशा ठेंगण्या दगडी झोपड्या किनाऱ्यावर अजून उभ्या आहेत. आज त्यांच्यासमोरच पाणबुडे समुद्रात उतरतात.

झाक ईव्ह कूस्तो व एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये ‘ॲक्वालंग’ हे श्वसनसाधन सिद्ध केले. पाणबुड्याच्या भोवतीच्या दाबानुसार हवा पुरविणाऱ्या या साधनामुळे, वरून येणाऱ्या नळीच्या बंधनातून तो मोकळा झाला. युद्धोत्तर काळात नौदलांबरोबर हौशी लोकही ते वापरू लागले. १९६२ मध्ये डॉन स्ट्यूअर्ट हा अमेरिकन खलाशी आपले गलबत घेऊन बोनेअरला आला व तेथेच स्थायिक झाला. दुसऱ्या महायुद्धात नजरकैदेची छावणी असलेल्या जागी तेव्हा एक लहान हॉटेल चालत होते. तेथून त्याने पाहुण्यांना बुडीसाठी नेण्यास आरंभ केला. सुरुवातीस तो स्वतः भाल्याने मासे मारी आणि जलजीवपात्रांसाठी जिवंत मासेही पकडी. पुढे मात्र त्याच्याच पुढाकाराने या प्रकारांना विरोध सुरू झाला. भित्तीवर नांगर टाकण्याऐवजी तळाशी कायम बसविलेल्या बोयाला नौका बांधण्याची पद्धत त्याने रूढ केली. एका नांगराच्या साखळीने शतकभर वाढलेले प्रवाळ क्षणात मोडते, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या युक्तीचे महत्त्व पटते. स्ट्यूअर्ट २०१४ मध्ये निधन पावला.

कायदेही क्रमाक्रमाने झाले. कासवांच्या अंड्यांना व घरट्यांना १९६१ मध्ये संरक्षण मिळाले, १९७१ मध्ये भाल्याने मासेमारी करण्यास बंदी झाली आणि १९७५ मध्ये जिवंत वा मृत प्रवाळ काढणे निषिद्ध ठरले. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या नेदर्लंड्स शाखेच्या साहाय्याने १९७९ मध्ये उद्यान स्थापन झाले. टॉम व्हान्ट हॉफ हा त्याचा पहिला व्यवस्थापक. परंतु आरंभीचा निधी संपताच काही वर्षांत व्यवस्था खिळखिळी झाली. नियम कागदावर होते, पण ते पाळले जातात की नाही हे पाहणारे कोणी उरले नाही. पर्यटन मात्र वाढतच होते. कागदावरची अभयारण्ये जगात पुष्कळ आहेत. बोनेअरचे वेगळेपण त्यानंतर घडलेल्या गोष्टीत आहे. १९९१ मध्ये व्यवस्थापनाची पुन्हा उभारणी झाली आणि १९९२ पासून प्रत्येक पाणबुड्याकडून वर्षाला १० डॉलर शुल्क घेतले जाऊ लागले. शुल्कामुळे पाहुणे दुसऱ्या बेटांकडे वळतील अशी भीती काही व्यावसायिकांना वाटत होती; पण तसे घडले नाही. जॉन डिक्सन, लुईझ स्क्यूरा व व्हान्ट हॉफ यांच्या १९९३ मधील अभ्यासात, बहुसंख्य पाणबुडे याहून अधिक शुल्क देण्यास तयार असल्याचे दिसले. उद्यान आपल्या उत्पन्नावर चालू लागले.

याच अभ्यासात, एका जागी वर्षाला सु. ४,००० ते ६,००० बुड्या यांपलीकडे भित्तीचे नुकसान जाणवू लागते, असा अंदाज मांडण्यात आला. हानी बोयांच्या आसपास अधिक व दूर गेल्यावर कमी आढळली. यामागील कारण तांत्रिक आहे. पाण्यात न बुडता, न तरंगता एका पातळीवर स्थिर राहणे ही या विद्येतील अवघड कला असून ती सरावानेच साधते. नवशिक्या गरजेपेक्षा जास्त शिसे कमरेला बांधतो, पाय खाली सोडून उभा तरंगतो, पायांतील वल्ह्यांनी वाळू उडवतो आणि तोल जाताच हाताला येईल ते धरतो. घनप्रवाळांची वाढ वर्षाला जेमतेम एक सेंमी. किंवा त्याहूनही कमी असते. हातमोजे घातलेला माणूस प्रवाळ निर्धास्तपणे धरतो, म्हणून उद्यानात हातमोज्यांना बंदी आहे. प्रत्येक पाहुण्याला प्रथम नियम समजावून सांगितले जातात आणि पहिली बुडी किनाऱ्यालगत मारून आपला तोल पारखून घ्यावा लागतो. ईजिप्तमधील रास मुहम्मद येथील १९९७ च्या पाहणीतही, बुडीपूर्वीच्या थोड्याशा उपदेशाने प्रवाळाला होणारे स्पर्श बरेच घटल्याचे दिसून आले. मात्र शिस्तीलाही मर्यादा आहे. पाणबुड्यांना बंद ठेवलेल्या राखीव जागांशी तुलना करणाऱ्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, बोनेअरच्या वर्दळीच्या जागी जुनी, मोठी घनप्रवाळे अधिक प्रमाणात नष्ट झाली होती.

याहून मोठे आघात मात्र नियमांच्या कक्षेबाहेरचे होते. १९८३ मध्ये कॅरिबियनभर पसरलेल्या रोगाने लांब काट्यांचे काळे समुद्रसाळू (डायाडेमा) जवळजवळ नाहीसे झाले; ते खात असलेले शैवल माजून प्रवाळांची जागा व्यापू लागले. त्याच सुमारास दुसऱ्या एका रोगाने हरिणाच्या शिंगांप्रमाणे फांद्या फुटणारी प्रवाळे उथळ पाण्यातून बव्हंशी नष्ट केली. २००९ मध्ये हिंद-प्रशांत महासागरांतील सिंहमासा येथे पोहोचला. लहान मासे खाऊन झपाट्याने वाढणाऱ्या या परक्या माशाला आवर घालण्यासाठी, १९७१ पासून निषिद्ध असलेला भाला प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या हाती परवान्याने द्यावा लागला. २०१० मध्ये समुद्र तापून प्रवाळे फटफटीत पांढरी पडली. त्यांपैकी बरीच नंतरच्या वर्षांत सावरली. २०१२ पासून फांदीदार प्रवाळांचे तुकडे पाण्याखालील रोपवाटिकांत वाढवून ते भित्तीवर लावण्याचे काम चालू झाले.

१० ऑक्टोबर २०१० रोजी बोनेअर हे नेदर्लंड्सचा विशेष दर्जाचा भाग बनले. १९९० च्या सुमारास सु. दहा हजार असलेली लोकवस्ती २०२० नंतर वीस हजारांवर गेली. नवीन बांधकामांची माती आणि सच्छिद्र चुनखडकातून झिरपणारे मैलापाणी समुद्राकडे जाऊ लागले. पाण्याखाली पाणबुड्यावर नजर ठेवता येते. किनाऱ्यावरील घरांबाबत उद्यानाच्या हाती फारसे काही नाही. २०२३ मध्ये घनप्रवाळांच्या ऊती झडून जाणारा, फ्लॉरिडात २०१४ मध्ये प्रथम आढळलेला रोग येथेही दिसून आला. त्यानंतर काही जागा बुडीसाठी बंद करण्यात आल्या आणि एका जागेतून दुसऱ्या जागी जाण्यापूर्वी पाणबुड्यांनी आपली साधने जंतुनाशकाने धुवावीत, असा दंडक घालण्यात आला.