तुर्की न्यायालयात दुभाषी मिळतो कसा?

मुचकुंदी नदीच्या मुखावरील पूर्णगडसारख्या गावांना जहाजावरची नोकरी नवी नाही. तेथील खलाशावर इस्तंबूलमध्ये गुन्हा दाखल झाल्यास घरच्यांची पहिली धावपळ इंग्रजी-तुर्की दुभाष्यासाठी होते. फौजदारी प्रकरणात ती बहुधा अनावश्यक असते. तुर्कस्तानच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (क्र. ५२७१, २००४) कलम २०२ नुसार, तुर्की पुरेशी न जाणणाऱ्या आरोपीला न्यायालय दुभाषी नेमून देते. तपासाच्या टप्प्यातही ही सोय असून खर्च सरकार सोसते.

मराठी-तुर्की दुभाषी मात्र दुर्मीळच; त्यामुळे इंग्रजीवर भागवावे लागते. खलाशाचे इंग्रजी जहाजावरील कामापुरतेच असेल, तर तसे पहिल्या जबाबातच सांगावे. तेथे ‘इंग्रजी येते’ ही फुशारकी नडू शकते. न समजलेल्या जबाबावर सही करू नये. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटकेची माहिती भारतीय दूतावासाला कळविण्याची मागणी आरोपीला करता येते. इस्तंबूलमध्ये भारताचा महावाणिज्य दूतावास आहे.

येथून पाठवायच्या मुखत्यारपत्राची गोष्ट वेगळी. त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे ‘अपोस्टिल’ प्रमाणन घ्यावे आणि तुर्की भाषांतर तेथील नोटरीकडे शपथबद्ध असलेल्या भाषांतरकाराकडून करून घ्यावे.