मुलांना अँटिबायोटिक सिरप देताना

आपल्या मंडळातील बऱ्याच घरांत आई-वडील दोघेही नोकरीला जातात आणि नातवंडांचे औषधपाणी आजी-आजोबांकडे असते. बाटलीवरचा मजकूर इंग्रजीत असतो आणि इथे इंदूरला दुकानदार सांगतो, "सुबह-शाम एक ढक्कन." तेवढ्यावर पाच-सात दिवस औषध दिले जाते. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र करून देत आहोत. औषध कोणते, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतील. ठरलेले औषध घरी नीट कसे द्यावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

हे औषध कशावर?
अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालते. साधी सर्दी, फ्लू हे विषाणूंचे आजार. त्यांवर त्याचा उपयोग नाही. डॉक्टरांनी लिहून दिले नाही तर आग्रह धरू नये, आणि चिठ्ठीशिवाय दुकानातून आणू नये. सेफिक्झिमसारखी काही अँटिबायोटिक्स १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच१' मध्ये आहेत. त्यांच्या वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो आणि विक्रीची नोंद दुकानदाराला ३ वर्षे ठेवावी लागते.

मात्रा मिलीमध्ये विचारा
मात्रा बहुधा मुलाच्या वजनावरून ठरते, म्हणून डॉक्टरांकडे ताजे वजन सांगावे. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पित्त उठले असेल तर तेही आठवणीने सांगावे.

एकाच औषधाच्या बाटल्या कमी-जास्त तीव्रतेच्या मिळतात. उदाहरणार्थ, अमॉक्सिसिलिनच्या एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते, तर दुसरीत २५०. पहिलीतून १० मिली दिल्यावर जेवढे औषध पोटात जाते, तेवढे दुसरीतून ५ मिलीमध्येच जाते. दुकानदाराने बाटली बदलून दिली आणि आपण जुन्याच मापाने देत राहिलो, तर मात्रा दुप्पट किंवा निम्मी होते. म्हणून चिठ्ठी आणि बाटली यांवरचे आकडे दुकानातच जुळवून पाहावेत, आणि "किती मिली, किती तासांनी, किती दिवस" हे लिहून घ्यावे.

घरातला चमचा मापाला वापरू नये. दोन चमचे सारखे नसतात. खुणा असलेली टोपी किंवा बिनसुईची सिरिंज वापरावी.

पावडरची बाटली कशी तयार करावी?
१. बाटली हलवून पावडर सुटी करावी.
२. उकळून पूर्ण थंड केलेले पाणी खुणेच्या थोडे खालपर्यंत घालून जोरात हलवावे. खोक्यात पाण्याची कुपी दिली असेल तर तेच पाणी वापरावे.
३. फेस बसला की पातळी खाली उतरते. पुन्हा खुणेपर्यंत पाणी घालून हलवावे.
४. तयार केल्याची तारीख बाटलीवर लिहावी. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचे सिरप फ्रिजमध्ये ठेवून साधारण ७ दिवसांत संपवायचे असते. बाकीच्यांसाठी लेबल पाहावे. फ्रीझरमध्ये ठेवू नये.

देताना
प्रत्येक वेळी बाटली हलवावी, नाहीतर औषध तळाशी राहते. मुलाला बसवून, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला धरून हळूहळू द्यावे. निजवून किंवा नाक दाबून दिल्यास ठसका लागतो. दुधाच्या भरल्या बाटलीत मिसळू नये. दूध उरले तर औषधही उरते.

दिवसातून दोनदा म्हणजे साधारण १२ तासांनी, तीनदा म्हणजे ८ तासांनी. एक वेळ चुकली तर आठवताच द्यावे. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली मात्रा सोडावी. दुप्पट देऊ नये. आजीने दिलेले औषध आईने पुन्हा देऊ नये म्हणून फ्रिजवर कागद लावून प्रत्येक वेळी खूण करावी. औषध घेतल्यावर लगेच उलटी झाली, तर पुन्हा द्यावे का ते डॉक्टरांना विचारावे.

त्रास झाल्यास
पातळ जुलाब बऱ्याच मुलांना होतात. ओआरएस देत राहावे आणि डॉक्टरांना कळवावे. अंगावर पुरळ उठले किंवा शौचातून रक्त गेले तर पुढची मात्रा देण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास झाला, तर औषध थांबवून तडक रुग्णालय गाठावे.

मधेच थांबवू नका
ताप उतरला की औषध बंद करण्याकडे कल असतो. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूने घसा सुजतो तेव्हा दोन-तीन दिवसांत मूल खेळू लागते, पण पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन १० दिवस द्यायचे असते. कारण हा संसर्ग पुरता गेला नाही तर काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. घसा बरा झाल्यावरही औषध चालू ठेवायचे, ते हृदयासाठी.

उरलेले सिरप पुढच्या आजारासाठी किंवा धाकट्या भावंडासाठी ठेवू नये. त्याची मात्रा वेगळी, कदाचित आजारही वेगळा. शिवाय गरज नसताना वापरल्याने जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात, आणि खरी वेळ येते तेव्हा तेच औषध कामाला येत नाही.